सोळा रुपयांचा गुरुवार



मी बडोद्याहून बोलते आहे. मी मातीची भांडी करते. चाकावर, हाताने, आणि विकते. कप, बाउल, प्लेटा, लोणच्याच्या बरण्या. प्रदर्शनात स्टॉल लावला की मला दोन प्रश्न हमखास येतात. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, एका कपाचे साडेचारशे?" आणि माझ्यासारख्याच कुणीतरी, साबण करणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, वह्या बांधणाऱ्या बायका बाजूला घेऊन विचारतात, "ऑर्डरी सांभाळून स्वतःच्या मनाचं काही करायला वेळ कधी मिळतो हो?"

बरीच वर्षं मी या दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देत असे. आता एकच देते. आज तेच जरा सविस्तर सांगायचं आहे, आणि त्यात आकडे येणार आहेत. कंटाळू नका. हस्तकलेबद्दल बोलताना सगळे मन, आनंद, ध्यान यांबद्दल बोलतात आणि वहीतला हिशेब झाकून ठेवतात. मी वही उघडते.

एका कपाला साधारण चारशे ग्रॅम माती लागते. आमच्याकडे ही माती तयार मिळते. थान, मोरबी हा सगळा चिनीमातीच्या कारखान्यांचा पट्टा गुजरातेतच आहे, त्यामुळे आम्ही त्या बाबतीत नशीबवान. माती मळायची, तिच्यातली हवा काढायची, चाकावर कप काढायचा, थोडा घट्ट झाला की उलटा करून बूड ताशायचं, कान लावायचा. मग वाळवण. पावसाळ्यात बडोद्याला कपाचा कान दोन-दोन दिवस ओला राहतो, आणि मे महिन्यात उलट, कड आधी वाळते आणि तडा जातो, म्हणून प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावं लागतं. मग कच्ची भाजणी, मग ग्लेझ. ग्लेझ म्हणजे वरचं काचेसारखं आवरण. झिलई हा चांगला शब्द आहे, पण आम्ही सगळे ग्लेझच म्हणतो. मग पुन्हा भट्टी, १,२०० अंशांच्या वर. भट्टी लावली की दुसऱ्या दिवशी लगेच उघडता येत नाही. हात भाजेल एवढंच कारण नाही, घाईने थंड झालेलं भांडं चिरतं. उघडायची घाई सगळ्यांनाच असते, मला अजूनही असते.

आता पैसे. माती आणि ग्लेझ १८ रुपये. दोन भाजण्यांची वीज ३०. सगळ्यांचे हात मिळून अर्धा तास, त्याचे सरासरी ६०, यात माझी स्वतःची मजुरीही आली. जागेचं भाडं, चाकाची दुरुस्ती, फोन, असं किरकोळ ३२. झाले १४०. शंभर कपांतले बाराएक तडकतात, वाकतात, ग्लेझ बिघडून वाया जातात, त्यांचा खर्च उरलेल्या कपांनी उचलायचा, म्हणजे १६०. खोकं, कागद, चिकटपट्टी यांचे ४०. एकूण २००. दुकानदार निम्मी किंमत स्वतःकडे ठेवतो, ते त्याच्या जागी बरोबर आहे, त्यालाही भाडं आहे. म्हणून छापील किंमत ४००.

इथपर्यंत हिशेब सगळेच करतात. निदान करायला हवा. आणि इथेच थांबलं की धंदा चालतो, पण बाईचं काम हळूहळू बंद पडतं. कसं ते सांगते. या हिशेबात ज्या कपाची ऑर्डर आहे त्याचेच पैसे आहेत. नवा आकार शोधायचा वेळ, नवं ग्लेझ तपासायचा वेळ, नुसतंच चाकावर बसून काय होतं ते बघायचा वेळ, हे वहीत कुठेच नाही. जे वहीत नाही ते उरलेल्या वेळात करायचं असतं. आणि घर चालवणाऱ्या बाईकडे उरलेला वेळ या नावाची गोष्ट नसते. तुम्ही कितीही पहाटे उठा.

म्हणून मी वहीत एक रकाना वाढवला. बुधवारी आमचं कुरिअर जातं, म्हणून गुरुवारी बाकावर तातडीचं काही नसतं. गुरुवार माझा. महिन्याचे चार दिवस, आठ-आठ तास, तासाला १५० रुपयांनी मी मलाच मजुरी देते, ते झाले ४,८००. प्रयोगाची माती, रसायनं, एक छोटी भट्टी, १,६००. एकूण ६,४००. आमच्याकडे महिन्याला सुमारे ४०० नग होतात. भागा. एका कपामागे १६ रुपये.

सोळा रुपये! मला वाटलं होतं शंभरेक तरी निघतील. २१६ ची दुप्पट ४३२, म्हणून मी किंमत ४५० केली. चारशेला घेणारी बहुतेक माणसं साडेचारशेलाही घेतात. जी घेत नाहीत त्यांना मी खुर्जाचे कप सुचवते. उपरोधाने नाही बोलत. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे कप छान असतात, आमच्या घरी रोजच्या चहाला तेच आहेत.

हे मी काही नवीन शोधलेलं नाही. मातीकाम करणाऱ्यांना बर्नार्ड लीच हे नाव माहीत असतं. १९२० साली हा माणूस जपानहून शोजी हमादांना बरोबर घेऊन इंग्लंडात सेंट आइव्ह्जला आला आणि तिथे त्याने भट्टी उभारली. मोठा कलावंत, पण पहिली बरीच वर्षं पैशांची ओढाताण. १९३०च्या दशकात त्याचा मुलगा डेव्हिड स्टोक-ऑन-ट्रेंटला, म्हणजे कारखान्यांच्या गावी, शिकायला गेला. परत आल्यावर त्याने ठरावीक भांड्यांची एक मालिकाच बसवली: जग, वाडगे, झाकणाची भांडी, सगळं कॅटलॉगमधून विकायचं, शिकाऊ मुलांनी करायचं. त्या 'स्टँडर्ड वेअर'ने ती जागा पुढची चाळीसएक वर्षं उभी ठेवली आणि लीचला त्याची एकेकटी भांडी करता आली. पुद्दुचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी तुम्ही ऐकलं असेल. १९७१ मध्ये रे मीकर आणि देबोरा स्मिथ यांनी ते सुरू केलं. तिथेही जेवणाखाण्याच्या भांड्यांचं काम देबोरांनी सांभाळलं, आणि रे मीकर मोठाली शिल्पं करत होते, मातीची अख्खी घरं आतून जाळ लावून भाजून बघत होते. या गोष्टी सांगताना लोक शिल्पांबद्दल बोलतात. मला नेहमी त्या प्लेटांबद्दल बोलावंसं वाटतं.

हां, तर गुरुवार.

माझ्याकडे दोघी काम करतात. अर्धा-अर्धा दिवस येतात. इथे आम्ही एकमेकींना बेन म्हणतो, मी त्यांना आणि त्या मला. मोठ्या बेन प्रजापती घरातल्या, म्हणजे कुंभाराच्याच. त्यांच्या सासरी नवरात्राच्या आधी गरबे करतात. गरबो म्हणजे भोकाभोकांचं मडकं, आत दिवा ठेवतात. शेकड्याने करायचे, ठोक भावाने द्यायचे. त्या गरब्यांवर पांढरं देऊन त्या स्वतः नक्षी काढतात, आणि प्रत्येकावर थोडी निराळी. मी एकदा विचारलं, की व्यापारी तर मोजून घेतो, नक्षी वेगळी काढल्याचे जास्त पैसे देतो का? म्हणाल्या, "ना रे बेन. पण तेच तेच काढून हात कंटाळतो."

तर या बेननी गुरुवार सुरू होऊन वर्ष झाल्यावर मला विचारलं, "बेन, गुरुवार तुमचा. आमचा कुठला?"

मी काय उत्तर देणार? माझ्या गुरुवारचे सोळा रुपये ज्या कपांवर लावलेत, त्या कपांची माती त्या मळतात, कान त्या लावतात. हस्तकलेच्या धंद्यात ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. 'सर्जनशील' मालकीण एक असते आणि 'कुशल' हात दुसरे असतात. लीचकडेही तसंच होतं, शिकाऊ मुलं दिवसभर जग करायची. मी पुन्हा वही काढली. मोठ्या बेनना गुरुवारचे चार तास, तासाला १०० प्रमाणे, महिन्याचे १,६००. कपामागे ४ रुपये. २२० ची दुप्पट ४४०. साडेचारशेच्या आत बसलं.

धाकट्या बेननी मात्र सरळ सांगितलं की मला हे काही नको, मुलाची शिकवणी आहे, त्याऐवजी पैसे वाढवा. तेवढेच वाढवले. मग आमच्या सोळा रुपयांच्या गुरुवारची किंमत झाली चोवीस रुपये, आणि कप ४४८ वर आला. आता दोन रुपये उरलेत. मातीचा भाव वाढला की पुन्हा बसावं लागेल.

मोठ्या बेन गुरुवारी हत्ती करतात. कुंभाराघरचे पारंपरिक घोडे-हत्ती नाहीत, त्यांच्या डोक्यातले. काही फारच विचित्र आहेत. एकाला सहा पाय आहेत. त्यांतले काही विकले जातात, तेव्हा पैसे त्यांचे.

माझ्या गुरुवारचं सांगते. मला शेतातल्या राखेचं ग्लेझ करायचं होतं. आमच्या आसपास कापूस होतो. वेचणी झाली की वाळकी झाडं, पऱ्हाटी, जळणाला जातात नाहीतर शेतातच पेटवतात. मी ती राख आणून धुतली, चाळली आणि फेल्डस्पार आणि माती यांच्यात मिसळली. दोन भाग राख, दोन भाग फेल्डस्पार, एक भाग माती, ही जुनीच कृती आहे, सगळे तिथूनच सुरुवात करतात. राखेतला चुना आणि पोटॅश भट्टीत बाकीच्याला वितळवतो. पण प्रत्येक शेताची राख वेगळी वागते. दीड वर्षात सत्तरएक नमुने भाजले. कधी ओघळून भट्टीच्या फळीला चिकटलं, कधी वाळूसारखं खरखरीत राहिलं. एक उतरलं हिरवट-पिवळं, कच्च्या कैरीच्या फोडीसारखं. ते बाउल आता चांगले विकले जातात.

पण ही गोष्ट मी जपून सांगते. ऐकणारे लगेच म्हणतात, बघा, गुरुवारातूनच धंद्याला फायदा झाला. झाला, सत्तरांतून एकाचा. त्या एकासाठी गुरुवार ठेवायचा असं म्हटलं, तर ज्या वर्षी एकही निघणार नाही त्या वर्षी गुरुवार बंद. उरलेले एकोणसत्तर तुकडे माझ्या फळीवर आहेत. त्यांतले चार-पाच मला त्या विकल्या जाणाऱ्या बाउलपेक्षा जास्त आवडतात, आणि त्यांचं पुढे काही होणार नाही.

मध्यंतरी एका कॅफेवाल्या कंपनीकडून विचारणा आली. तीन महिन्यांत हजार प्लेटा, एकच निळा, मापात मिलिमीटरचाही फरक नको, आणि भावात तीस टक्के सूट. उन्हाळा होता, काम थंड होतं. हजार प्लेटा म्हणजे आमचे तिन्ही महिने पूर्ण भरलेले, दोघी बेनचा पगार नक्की. आणि गुरुवार बंद. मी एकटीने ठरवलं नाही, दोघींसमोर आकडे ठेवले. तीस टक्के कमी केले की आधी रकाना कुठला जातो हे वहीत स्वच्छ दिसत होतं. धाकट्या बेन म्हणाल्या, घेऊया, पैसे आत्ता येतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्या बेन म्हणाल्या, "तीन महिने आपली दुकानं रिकामी राहतील. चौथ्या महिन्यात आपल्याला कोण ओळखेल?"

आम्ही कळवलं, सहा महिन्यांत तीनशे साठ देऊ, रंगात थोडा फरक चालवून घ्या, सूट दहा टक्के. त्यांना जमलं नाही. त्यांनी कारखान्यातून करून घेतल्या. त्यांना हवं होतं ते कारखान्यातच नीट होतं, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. तो मे महिना आम्हाला कठीण गेला. जूनमध्ये दोघींचा पगार मी माझ्या मजुरीतून भागवला. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल नाही म्हणणं फुकट असतं.

आणि याचा अर्थ ऑर्डरीचं काम कमी प्रतीचं, असा घेऊ नका. एका बैठकीत चाळीस बाउल काढताना पहिले आठ-दहा हात गरम व्हायला जातात. विसाव्याच्या पुढे कुठेतरी कड एका दमात उठते, विचार न करता. यानागी सोएत्सू या जपानी विचारवंताने अनाम कारागिरांच्या अशा पुनरावृत्तीबद्दल फार आदराने लिहिलं आहे. पटतं मला. फक्त त्या कारागिराला संध्याकाळी जीएसटीचं रिटर्न भरायचं नव्हतं आणि रोज एक रील टाकायचं नव्हतं. रीलचं काम मी मंगळवारी एक तास करते आणि ते 'किरकोळ' या रकान्यात धरते. ते मातीकाम नाही, जाहिरात आहे. चाकावरचा हात दिसतो म्हणून ते सर्जन होत नाही.

आमचे गुरुवार वर्षभर अखंड चालत नाहीत. दिवाळीच्या आधीचे पाच आम्ही मोडतो, तेव्हा भेटींच्या ऑर्डरी असतात. ते वहीत उधारी म्हणून लिहिलेले असतात आणि जानेवारीत सलग घेतो. गेल्या जानेवारीत मोठ्या बेननी त्या पाच दिवसांत एक गुडघ्याएवढा उंट केला. आमच्या भट्टीत तो मावत नाही. मान वेगळी भाजून नंतर जोडायची, की त्यांच्या सासरच्या उघड्या भट्टीत कमी आचेवर अख्खा भाजायचा, यावर आमचा अजून वाद चालू आहे.

आता तुमचे प्रश्न घेते. किमतीबद्दल विचारायचं असेल तर आपापल्या वस्तूचे आकडे घेऊन विचारा, इथेच मांडून बघू.