लिहून का ठेवले नाहीस?

बेळगाव हे ओतशाळांचे आणि यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे गाव आहे. उद्यमबागेत सकाळच्या पाळीला जी तरुण मुले लगबगीने जाताना दिसतात, त्यांपैकी कित्येकांना मी दहावीपर्यंत मराठी शिकविले आहे. पुढे ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सर्वजण जिला आयटीआय म्हणतात तेथे, गेली आणि कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी वेल्डर झाला. अशा मुलांविषयी आम्हा शिक्षकांत एक वाक्य ठरून गेलेले असते : "लिहिण्यावाचण्यात याला गती नाही, हाताचे काम शिकला तर पोट भरील." हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. ते किती उथळ होते, हे मला अशाच एका मुलामुळे कळले.

फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून हा मुलगा एका कारखान्यात उमेदवारीस लागला होता. एका संध्याकाळी पाळी संपताना ग्राइंडरच्या गार्डचा बोल्ट सैल झाल्याचे त्याच्या ध्यानी आले. त्याने शेजारच्या कामगारास ते तोंडी सांगितले आणि तो घरी गेला. तो कामगार नेमका दुसऱ्या दिवशी रजेवर राहिला. सकाळी दुसऱ्याच एका गृहस्थांनी यंत्र सुरू केले, गार्ड सरकला आणि त्यांच्या दोन बोटांना इजा झाली. बोटे वाचली, ही परमेश्वराची कृपा. फोरमनने मुलाला एकच प्रश्न विचारला : "लिहून का ठेवले नाहीस?" पाळीची वही तेथेच खिळ्याला टांगलेली होती.

त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो चर्चच्या आवारात माझ्यापाशी आला. म्हणाला, "सर, वही हातात घेतली होती, पण काय लिहावे, कोणत्या भाषेत लिहावे, हेच सुचेना." श्रोतेहो, याच मुलाने तासाभरापूर्वी शेकडो माणसांसमोर उभे राहून त्या दिवसाचे पहिले वाचन एकदाही न अडखळता केले होते!

मग मी त्याच्या दिवसाची चौकशी केली. बसवरची कानडी पाटी तो वाचतो. मराठी वर्तमानपत्रातील क्रीडावृत्ताचे पान तो सोडीत नाही. मोबाइलवर मित्रांना रोमन अक्षरांत मराठी मजकूर लिहितो. आळीतील क्रिकेट संघाच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याच वहीत असतो. कामावर इंग्रजी शीर्षकांचे जॉब कार्ड आणि ड्रॉइंग समोर असते. ड्रॉइंगवर २५ मिलीमीटर, अधिकउणे ०.०५, असे असेल तर त्या टिंबाचे स्थान चुकता कामा नये, ०.०५ चे ०.५ वाचले की चूक दहापट होते आणि घडविलेला भाग भंगारात जातो. व्हर्नियर कॅलिपरवर मिलीमीटरचा पन्नासावा भाग तो बिनचूक वाचतो. तीन भाषा, तितक्याच लिप्या आणि शिवाय रेषांची व आकड्यांची एक निराळीच भाषा वाचणाऱ्या या मुलाला मी "वाचनात गती नाही" म्हणत होतो!

मग वही हाती घेताच त्याची लेखणी का थबकली? कारण उघड आहे. संस्थेत त्याने जर्नल लिहिले होते. उद्देश, हत्यारे, कृती, निष्कर्ष असे सारे रीतसर. परंतु ते आदल्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलावरून उतरविलेले. स्वतःच्या हातून कानस कोठे घसरली, माप कोठे चुकले, याचा त्यात उल्लेख नव्हता. कारण असे लिहिले तर गुण जातील ही भीती. सिद्धान्ताच्या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडावयाचा. तेथे वाक्य लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. आणि माझ्या वर्गात? तेथे 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दर वर्षी होत असे. पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगासाठी चार ओळींत कशी नोंदवावी, हे मी त्याला कधी शिकविलेच नाही. त्या दोन बोटांच्या इजेत माझाही थोडा वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

कारखाना आणि लेखणी यांचे वैर नाही, याचा दाखला आमच्याच परिसराशी निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि येथेच लोखंडी नांगर घडविले. १९१० साली ते किर्लोस्करवाडीस गेले आणि तेथे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्र निघाले. पुढे त्याचेच मराठी घरोघर पोचलेले 'किर्लोस्कर' मासिक झाले. लोखंड ओतणाऱ्या वस्तीतून मराठीला एक नामांकित मासिक मिळाले, हे आपण विसरू नये.

मोठ्या योजनांची येथे गरज नाही. जर्नलात एक पान 'माझे काय चुकले' यासाठी राखावे आणि त्या पानाला गुण द्यावेत. जॉब कार्ड, यंत्रावरील सूचना, पाळीची वही हीच काही काळ क्रमिक पुस्तके व्हावीत. भाषा कोणती, या प्रश्नाने तर कोणी अडून राहूच नये. वाचणाऱ्याला कळेल अशी कोणतीही भाषा चालेल. यंत्रावर अडकविलेल्या पुठ्ठ्यावरील मोठी फुलीसुद्धा मौनापेक्षा बरी. आणि शाळेत आम्ही भाषाशिक्षकांनी निबंधाबरोबर अशा नोंदीचाही सराव करून घ्यावा.

त्या रविवारी चर्चच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी राहून गेलेली ती नोंद लिहिली : "ग्राइंडर क्रमांक २. सायंकाळी ५-४०. डाव्या गार्डचा बोल्ट सैल. यंत्र बंद केले आहे. बोल्ट बदलल्याशिवाय चालवू नये." त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवताना तो म्हणाला, "सर, एवढेच लिहावयाचे होते?"

होय, एवढेच. पण ते आम्ही शिकवावयास हवे होते.