कुत्र्याच्या अंगावरील गोचीड आणि आपली शाळा
(पालघर तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. पाठ, हजेरी, परीक्षा हे मोठे विषय बाजूस ठेवून हा सेवानिवृत्त शिक्षक गोचिडीविषयी बोलावयास उभा राहिला आहे. परंतु पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात ज्यांनी शाळा चालविल्या आहेत, त्यांस हे ठाऊक आहे की, मुलांच्या मागोमाग त्यांचा कुत्राही शाळेच्या ओट्यापर्यंत येतो, दुपारच्या भोजनाच्या वेळी दारात बसतो आणि मुले त्याच्या अंगावरील गोचिडी बोटांनी उपटून दगडावर चिरडतात. आपण ते पाहतो आणि पाठ पुढे चालवितो. मीही पुष्कळ वर्षे तसेच केले. त्याची किंमत मला मोजावी लागली, म्हणूनच हा विषय मी निवडला आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत बोईसरपासून काही अंतरावरील एका गावी मी शाळेवर होतो. राहावयास कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतींची एक खोली होती आणि सोबतीला मोत्या नावाचा कुत्रा. पावसाळा लागला की त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी दिसू लागत. कोणी सांगितले म्हणून मी त्यांवर रॉकेल ओतले. कोणी सांगितले म्हणून पेटत्या उदबत्तीचे टोक लावले. अंग स्वच्छ झाले की मी निश्चिंत होई आणि आठ दिवसांत पुन्हा तितक्याच गोचिडी दिसत. चौथीतील एक मुलगा घरची गुरे राखीत असे. तो एकदा म्हणाला, "गुरुजी, कुत्र्यावर काय बघता? कुडात बघा." मी ते हसण्यावारी नेले.

त्याच वर्षी पाऊस ओसरताना मोत्याने भाकरी टाकली. तो कोपऱ्यात पडून राहू लागला. मला वाटले, पोट बिघडले असेल. पुढे त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि एका सकाळी नाकातून रक्त आले. तेव्हा मी त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी हिरडी पाहिली, कानामागे बोट फिरविले आणि हा गोचिडीमुळे आलेला ताप असून फार उशीर झाला आहे, असे सांगितले. तिसऱ्या दिवशी मोत्या गेला. घरी आल्यावर मी काडीने कुडाची फट उकरली. त्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. फटीत गोचिडी दाटीवाटीने बसलेल्या होत्या.

त्या मुलाला जे ठाऊक होते, ते शास्त्र काय सांगते ते आता पाहू. गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या कुळातील प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाला 6 पाय असतात. पुढे कात टाकल्यावर ते 8 होतात. कुत्र्यावर सामान्यतः आढळणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरले की खाली गळून पडते. दोनदा ती कात टाकण्यासाठी फटीत शिरते. तिसऱ्या खेपेस मादी टपोऱ्या दाण्याएवढी फुगते, भिंतीच्या सांदीत जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. उपाशी गोचीड महिनोन् महिने वाट पाहत जगू शकते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर आपणांस जेवढ्या दिसतात, त्याहून कितीतरी अधिक घरात असतात. कुडाचे घर असो वा बोईसरमधील कामगारवस्तीतील विटांची चाळ असो, फट सापडली की तिचे काम भागते.

तिच्या लाळेतून जे रोग कुत्र्याच्या रक्तात उतरतात, त्यांपैकी एहर्लिकिया आणि बबेसिया हे आपल्याकडे प्रमुख होत. एकाने रक्तातील पेशी बिघडतात, दुसऱ्याने तांबड्या पेशी फुटतात. ताप, अन्नावरची वासना जाणे, सुस्ती, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी, नाकातून रक्त ही त्यांची लक्षणे. वेळीच ओळखले तर दोन्हींवर औषध आहे. गोचीड काढल्यानंतरही दोनतीन आठवडे कुत्र्यावर लक्ष ठेवावे, कारण रोग बहुधा एवढ्या अवधीत डोके वर काढतो.

आता काढावयाची रीत. रॉकेल, तेल, चुना, उदबत्ती यांपैकी काहीही लावू नये. त्रासलेली गोचीड अधिकच लाळ जखमेत सोडण्याचा संभव असतो. शिवाय कुत्र्याची कातडी भाजते ती वेगळीच. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. कातडीच्या अगदी लगत, तोंडाशी गोचीड धरावी. पोट दाबू नये. हिसका न देता, न पिरगळता, सरळ आणि संथपणे ओढावी. मुखाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नये. तो आपोआप बाहेर पडतो. जागा साबणाने धुवावी. काढलेली गोचीड चिरडू नये. स्पिरिटच्या झाकणबंद बाटलीत टाकावी. साध्या पाण्यात ती सहजासहजी मरत नाही. शेवटी हात साबणाने धुवावेत. रोज सायंकाळी कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, काखांत, जांघांत, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवावा. रोगजंतू उतरावयास बहुधा काही तास लागतात, म्हणून रोजच्या तपासणीला मोल आहे.

घराच्या फटी लिंपून घ्याव्यात, कुत्र्याचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकावे. अंगावर सोडावयाचे थेंब किंवा पोटात द्यावयाच्या गोळ्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने, कुत्र्याचे वजन पाहून द्याव्यात. शेतात फवारावयाचे औषध कुत्र्याला चोळणे म्हणजे त्याला विष देणे होय.

मुलांच्या दृष्टीने यात काय आहे, असे आपण विचाराल. सप्टेंबर 2020 मध्ये गुजरातेत काँगो तापाचे रुग्ण आढळल्यावर पालघर जिल्हा प्रशासनाने दक्षतेचा इशारा दिला होता. हा ताप मुख्यतः गुरे, शेळ्या, मेंढ्या यांच्या अंगावरील निराळ्या जातीच्या गोचिडीपासून आणि बाधित जनावराच्या रक्तापासून होतो. तो कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीचा रोग म्हणून ओळखला जात नाही, म्हणून भिण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात 2016 मध्ये माकडतापाची जी साथ आली, तीही रानातील गोचिडीमुळेच. मात्र तपकिरी गोचीडही क्वचित माणसाला चावते आणि पुरळ असलेला ताप देऊ शकते. शिवाय चिरडलेल्या गोचिडीचे रक्त बोटाच्या चिरेत जाऊ देऊ नये, हा नियम सर्व जातींना लागू आहे. रानातून किंवा गोठ्यातून आलेल्या मुलाला गोचीड चिकटलेली आढळली आणि पुढे ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. अनोळखी वा आजारी कुत्र्याला मुलांनी हात लावू नये, हेही बजावावे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. 1893 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या संशोधकांनी गुरांचा 'टेक्सास ताप' गोचिडीमार्फत पसरतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस 1897 मध्ये दाखविला, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. पण गोचिडीविषयीचा संशय गुरे पाळणाऱ्यांनी त्यापूर्वीच बोलून दाखविला होता आणि विद्वानांनी तो मनावर घेतला नव्हता.

आपल्या वर्गातही असे गुराखी बसलेले असतात. परिसर अभ्यासाच्या तासाला एखादे दिवशी त्यांनाच विचारा : "गळून पडलेली गोचीड कोठे जाते?" बाटलीतील गोचीड दाखवून तिचे पाय मोजावयास सांगा. चिमट्याची रीत आपण स्वतः करून दाखवा. मुले ती घरी नेतील, आणि एका घरचा कुत्रा वाचला तरी तो तास सार्थकी लागला असे समजा. माझ्या विद्यार्थ्याने मला उत्तर सांगितले होते. ते ऐकण्यास मी एक पावसाळा उशीर केला. आपण करू नये, एवढीच विनंती.