भिगवणची मासळीची खानावळ

पुण्याहून सोलापूरच्या सडकेने निघालेला प्रवासी यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ ही गावे एकेक करून मागे टाकीत शंभरएक किलोमीटरांच्या मजलेनंतर भिगवणास पोहोचतो, तेव्हा सडकेच्या दोन्ही अंगांस त्याला ज्या पाट्या दिसू लागतात त्या ऊस, ज्वारी आणि डाळिंबाच्या मुलखात सहसा अपेक्षित नसतात. चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम. समुद्र येथून सडकेने दोनशे किलोमीटरांहूनही दूर, पाऊस पर्जन्यछायेच्या प्रदेशात पडावा तितकाच, म्हणजे बेताचा. आणि तरीही ट्रकचालक, एस. टी.चे चालक-वाहक, बाजाराला निघालेले शेतकरी आणि पुण्याची सहकुटुंब मंडळी येथे गाडी थांबवून, हात धुऊन, अर्ध्या तासात मासळीचे गरम जेवण आटोपून, खिशाला फारशी झळ न लागता पुढे जातात. ही वहिवाट येथे कशी पडली, हे आज मला सांगावयाचे आहे.

तिचे मूळ पाण्यात आहे. भीमा नदीवर माढे तालुक्यातील उजनी येथे 1960 नंतरच्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि 1980 च्या सुमारास ते पुरे झाले. भूसंपादन, मोबदला, पुनर्वसन यांची दप्तरे मोठी आहेत. त्यांत आज शिरत नाही. इतके मात्र सांगितलेच पाहिजे, की या पाण्याखाली माणसांची घरे गेली, काळीभोर गाळाची शेते गेली आणि देवळेही गेली. माझ्या एका मावशीचे सासर पळसदेवचे. तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर जलाशयात बुडाले आणि ज्या वर्षी पाणी फार उतरते त्या वर्षी ते पुन्हा वर येते, तेव्हा मावशी नारळ घेऊन चिखलातून तेथपर्यंत चालत जात असे. पुण्याहून पुढे निघालेली आगगाडी 1858 च्या अखेरीस ज्या डिकसळपर्यंत येऊन थांबली होती, तेथील रेल्वेचा मार्गही धरणामुळे हलवावा लागला.

या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. त्याची साठवण सुमारे 117 अब्ज घनफूट, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्याचे आहे. कालव्यांना सोडण्याजोगे पाणी संपले तरी हा साठा उरतो, आणि म्हणून उन्हाळ्यातही मासळीला आसरा राहतो. शेतकरी ज्याला मृत म्हणून हळहळतो, त्याच पाण्यावर भोई समाजाची आणि जमीन गमावून जाळे हाती घेतलेल्या कित्येक कुटुंबांची चूल पेटते.

आता मासळीकडे येऊ. येथला मुख्य मासा चिलापी. तो मूळचा आफ्रिकेतला आणि भारतात 1950 नंतर लवकरच आणला गेलेला. या माशाची एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. त्याची मादी फलित अंडी तोंडात धरून उबवते, तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते, आणि पिले पोहू लागल्यानंतरही संकटाची चाहूल लागताच त्यांना पुन्हा मुखात घेते. असा मासा नव्या पाण्यात झपाट्याने वाढला यात नवल नाही. तेव्हा लक्षात ठेवावयाचे ते असे : पाणी नवे, मासाही नवा.

परंतु स्वयंपाकघर जुने! माझे मन या विषयात प्रथम गुंतले ते येथेच, आणि आकाशवाणीने नेमून दिलेल्या मिनिटांपैकी काही मिनिटे अधिक गेली तरी या ठिकाणी मी थोडा थांबणार आहे.

भिगवणच्या रश्श्यात कोकणातले ओले खोबरे नाही, आमसूल नाही, तिरफळ नाही. कांदा विस्तवावर काळसर होईतो भाजलेला, सुके खोबरे करपण्याच्या अगदी अलीकडे आणलेले, लसूण, आले, धने, थोडे तीळ, आणि वर घरच्या काळ्या मसाल्याची सढळ मूठ. हे वाटण कोणाचे? हे मटणाचे वाटण आहे. इंदापूर, करमाळा, दौंड या भागातल्या माउलीला पिढ्यान्‌पिढ्या सणावाराला, जत्रेला रस्सा करावयाचा ठाऊक होता तो बोकडाचा. आणि दाराशी एकाएकी मासळी आली तेव्हा, मला असे वाटते, की तिने दुसऱ्या कोणाकडे पाककृती विचारावयास न जाता आपला हातखंडा रस्साच तिच्यासाठी मांडला. फरक इतकाच, की मटण तासभर शिजते आणि मासा काही मिनिटांत शिजतो. म्हणून येथे आधी वाटण तेलात परतून, तेल सुटू देऊन, रश्श्याला चांगली उकळी आणतात आणि मासळीचे तुकडे त्यात सर्वांत शेवटी सोडतात. तुकडे सोडल्यावर पळी घालावयाची नाही. पातेले दोन्ही कानांना फडक्याने धरून नुसते हलवावयाचे, म्हणजे तुकडा मोडत नाही. एका खानावळीच्या मागच्या दाराशी उभा राहून मी हे पाहिले आहे, आणि पातेले हलविणाऱ्या त्या बाईंच्या मनगटाची सहजता मला कोणत्याही गवयाच्या तानेइतकीच मोलाची वाटली.

तळलेल्या तुकड्यांची तऱ्हा वेगळी. खवले काढून, पर छाटून, चिलापीच्या दोन्ही अंगांवर तिरक्या चिरा पाडतात. त्या चिरांत मीठ, हळद, तिखट आणि लसूण बोटाने भरतात, आणि मग लोखंडी तव्यावर कड कुरकुरीत होईपर्यंत तळतात. बरोबर ज्वारीची भाकरी, भात, कांदा, लिंबाची फोड. रस्सा संपला की वाढपी न विचारता पुन्हा ओततो. पुन्हा सांगतो : पाणी नवे, मासा नवा, पण वाटण आणि भाकरी या भूमीची जुनी.

जनतेच्या स्वस्त अन्नाचा असा जन्म अन्यत्रही झालेला आहे. दक्षिण कोरियात 1950 नंतरच्या युद्धाने देश होरपळून निघाला, तेव्हा उइजाँग्बू गावाच्या परिसरात अमेरिकी छावण्यांतून आलेले डबाबंद मांस तेथल्या गृहिणींनी आपल्या किमचीच्या आणि लाल तिखटाच्या रश्श्यात घातले, आणि त्यातून जो पदार्थ निपजला तो आज त्या देशात आवडीने खाल्ला जातो. परकी वस्तू आणि घरचे तिखट, हाच तो मामला. तेथे टॅक्सीचालकांसाठी चालविलेल्या माफक दराच्या खानावळीही आहेत. भात, सूप आणि लहान वाट्यांतली तोंडीलावणी झटपट मांडली जातात, आणि किमची संपली तर पुन्हा मिळते, तिचे निराळे पैसे पडत नाहीत. पुण्याजवळच्या रांजणगाव, तळेगावच्या कारखान्यांमुळे कोरियन माणसे या जिल्ह्यात वावरू लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणी भिगवणला जेवावयास बसला, तर पुन्हा ओतल्या जाणाऱ्या रश्श्याने त्याला परके वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे.

काळजी वाटावी अशीही एक बाजू आहे. बारीक आसाच्या जाळ्यांनी, ज्या मासेमारीला इकडे वडाप म्हणतात तिच्या योगाने, बोटाएवढी पिलेसुद्धा ओढून काढली जातात. ज्या पिलांना आई तोंडात जपते त्यांना आपण वाढू देत नाही. मुळा-मुठेतून पुणे शहराचे सांडपाणी भीमेत आणि भीमेतून येथे येते, याची लाज आम्हां पुणेकरांना वाटली पाहिजे. नदीचे मूळचे देशी मासे विरळ होत चालले आहेत. आणि खानावळींपैकी ज्या लाकडी बाकांच्या, घरच्या माणसांनी चालविलेल्या होत्या, त्यांच्या जागी वातानुकूलित दालने उभी राहत आहेत. दालनांना माझा विरोध नाही, कुटुंबाला घेऊन बसावयास ती सोयीचीच आहेत. परंतु तेथे रस्सा ज्याच्या त्याच्या मागणीप्रमाणे घट्ट, लाल आणि लोणी घातलेला मिळू लागला आहे, आणि पातळ काळ्या रश्श्याची ती घरगुती चव लाभावी तर लहान खानावळीच शोधाव्या लागतात.

हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या काठावर रोहित पक्षी पाहावयास पुष्कळ लोक येतात. तेथले मच्छीमारच होडीतून त्यांना पाण्यावर नेतात आणि पक्ष्यांची नावेही सांगतात. पक्षी पाहून परतताना भिगवणच्या सडकेवर, ज्या दारासमोर ट्रक अधिक उभे असतील तेथे बसावे. चिलापीला काटे मोठे आणि मोजके, तेव्हा मुलांनाही ती काटे काढून द्यावी. रोहूचे काटे मात्र बारीक आणि दुशाखी असतात, तो सावकाश खावा. भाकरी कुस्करून रश्श्यात घालावी, आणि भात मागावयाचा तो सर्वांत शेवटी.