साठ तासांची कला



ज्याची हयात हमालांच्या आणि ऊसतोडणी मजुरांच्या संघटनेत गेली, त्याने महाविद्यालयातील चित्र, नृत्य आणि संगीत यांवर काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्तच आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, रेल्वेच्या फलाटावर आणि मोर्च्यात. परंतु हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कारण आज ज्यांच्यासाठी हे अभ्यासक्रम निघाले आहेत त्यांत आमच्या लोकांची मुले आहेत, आणि त्यांच्या पदरात नेमके काय पडते हे पाहणे आम्ही आमचे काम समजतो.

प्रथम वस्तुस्थिती काय ती सांगतो. केंद्र सरकारने 29 जुलै 2020 रोजी नवे शैक्षणिक धोरण मंजूर केले. आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते 2024-25 या वर्षापासून पहिल्या वर्गाला लागू झाले. त्यात मुख्य विषयाबरोबर प्रत्येकाने आपल्या शाखेबाहेरचा एक खुला ऐच्छिक विषय घ्यावयाचा आहे. शिवाय सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आहेत, आणि त्यांत योग, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या पंगतीला चित्रकला, नृत्य, नाट्य व संगीत हेही बसविले आहेत. म्हणजे वाणिज्य शाखेच्या मुलाला गाणे घेता येते आणि विज्ञानाच्या मुलीला चित्रकला. दोन श्रेयांकांचा विषय असेल तर तोंडी शिकवण्याचे तीस तास होतात. प्रत्यक्ष करण्याचा असेल तर साठ. हे साठ तास लक्षात ठेवा. आमचे सगळे भाषण त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

आपल्याकडे कलाशिक्षण पूर्वी नव्हते असे नाही. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा 1857 सालची. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते 1901 साली. पण तिथे जायचे ते चित्रकार किंवा गवई होण्यासाठी. ज्याला शिक्षक, कारकून, शेतकरी किंवा तलाठी व्हायचे आहे त्याच्या वाट्याला कला यायची ती स्नेहसंमेलनात, वर्षातून दोन दिवस, आणि तीही बहुधा समोर बसून शिट्ट्या मारण्यापुरती. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात. ते गुण एकदा पदरात पडले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. हा आपल्या घराघरांतला अनुभव आहे.

परदेशात काही ठिकाणी हा विचार पूर्वीच झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात 1947 पासून प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो पुढे वकील होवो की रसायनशास्त्रज्ञ, चित्र-शिल्प पाहण्याचा एक आणि संगीत ऐकण्याचा एक असे दोन अभ्यासक्रम सक्तीचे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकले ते 1913 ते 1916 या काळात. तेव्हा ही पद्धत नव्हती. तरीही पुढे, कामाच्या एवढ्या डोंगराखाली, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. आणि 1950 साली त्यांनी औरंगाबादेस काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनीच ते रंगभूमीवर आणले. खेड्यापाड्यांतून आलेली, वसतिगृहात राहणारी ती मुले होती. आज ज्या विद्यापीठाशी आपला बीड जिल्हा जोडलेला आहे त्याला बाबासाहेबांचे नाव आहे, म्हणून ही आठवण दिली.

आता आमच्या कामगार चळवळीचा याच्याशी संबंध काय ते सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांसाठी खटपट केली आणि 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीसाठी अर्ज झाले, सभा झाल्या. पण सुट्टी मागितली ती नुसते झोपण्यासाठी काय? माणसाला स्वतःचा म्हणून काही वेळ असावा, त्यात तो कुणाचा नोकर नसावा, ही त्यामागची मागणी होती. पुढे 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. अण्णा भाऊंची शाळा तर दीड दिवसाची. या लोकांनी पोवाडा आणि लोकनाट्य मजुरांच्या चाळींत नेले आणि त्यांच्या कार्यक्रमाला जी गर्दी होई ती पुढाऱ्यांच्या व्याख्यानाला होत नसे. (हे आम्ही व्याख्यानाच्या व्यासपीठावरूनच कबूल करीत आहोत.) सांगायचे इतकेच की कष्टकऱ्याला कला नको असते हे खोटे आहे. त्याला शिकण्याची सोय नव्हती.

तेव्हा हे साठ तास आले याचा आम्हांला आनंदच आहे. काळजी आहे ती त्यांचे काय होते याची.

गेल्या वर्षी आमच्या एका हमालाचा मुलगा, बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा, आपली संगीताची वही घेऊन आमच्याकडे आला. कोणत्या महाविद्यालयाचा ते सांगण्याचे कारण नाही. वहीत सुंदर अक्षरात लिहिले होते : राग भूप, पाच स्वर, मध्यम व निषाद वर्ज्य, खाली आरोह, अवरोह, वादी, संवादी. परीक्षेत त्याला चांगले गुणही पडले होते. आम्ही म्हटले, “बाबा, जरा म्हणून दाखव.” तो ओशाळला. म्हणाला, “म्हणायचं नव्हतं, लिहायचंच होतं.” त्या वेळी पेटी वाजवणारे आमचे एक भजनी गृहस्थ शेजारी बसले होते. त्यांनी त्याला विचारले, “एकादशीला तू ते दुसरं भजन उचलतोस ना, ते म्हण.” पोराने ते मोकळ्या आवाजात म्हटले. पेटीवाले हसले आणि म्हणाले, “हाच तुझा भूप.” चार-पाच वर्षे जो राग त्याच्या गळ्यात होता, तो वहीत आल्यावर त्याला ओळखू आला नाही. त्याला स्वर वाजवून कुणी ऐकवलेच नव्हते. तीस पानांची झेरॉक्स वाटली आणि विषय संपविला.

मंडळी, यात त्या प्राध्यापकालाच दोष देता येणार नाही. बहुधा तो दुसऱ्या विषयाचा, तासिका तत्त्वावर नेमलेला, आणि हा तास त्याच्या गळ्यात टाकलेला. ना तंबोरा, ना तबला, ना खोली. परंतु ज्या मुलाचा बाप पोती वाहून फी भरतो, त्याला संगीताच्या नावाखाली संगीताची झेरॉक्स देणे ही फसवणूक आहे, आणि ती ठरवून केलेली नसली तरी फसवणूकच आहे. शहरातल्या सुखवस्तू घरच्या मुलीचे फारसे अडत नाही; ती संध्याकाळी क्लासला जाते. आमच्या मुलाला जे मिळायचे ते या साठ तासांतच मिळायचे.

मग करावे काय? आम्हांला तरी असे वाटते की सुरुवात ऐकण्यापासून आणि पाहण्यापासून व्हावी, आणि ते जवळचे असावे. वेरूळचे कैलास लेणे थोर आहेच. सहलीची बस तिथे जाते, मुले हत्तीपुढे फोटो काढतात आणि बस परत येते. पण अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात खडकात कोरलेले हत्ती आहेत, नंदीमंडप आहे. आपल्या बाजूच्या धर्मापुरीला चालुक्यांच्या काळातले केदारेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. त्या भिंतीपुढे पंधरा मुलांना कागद-पेन्सिल देऊन एक अख्खी सकाळ बसवावे. एकच मूर्ती काढा म्हणावे. चित्र वेडेवाकडे येईल, येऊ द्या. पण कमरेचा बाक कुठे सुरू होतो, भार कोणत्या पायावर आहे, हे हाताने शोधलेल्या मुलाला पुढे कोणतीही मूर्ती पाहता येईल. आणि तीच मूर्ती दुसऱ्या दिवशी नृत्याच्या तासाला उभी राहून करून पाहावी. म्हणजे शिल्प आणि नाच यांचे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

शिकवणारा कुठून आणावा? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 साली महाविद्यालयांत निवासी कलाकार व कारागीर नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तिथे पदवीपेक्षा हातातली विद्या पाहावी असे धोरण आहे. म्हणजे दार उघडे आहे. आपल्या पंचक्रोशीत हलगी वाजवणारे आहेत, गोंधळी आहेत, वारकरी मृदंगी आहेत. तांड्यांवरच्या बंजारा बायका आरशांचे भरतकाम करतात, त्यातील रंगांची जुळणी पाहून चित्रकलेच्या शिक्षकानेही थांबावे. यांना वर्गात आणा. मात्र आमची एक अट आहे आणि ती संघटनेच्या माणसाची अट आहे. यांना शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावू नका. इतर प्राध्यापकाला तासाचे जे मिळते ते त्यांना मिळाले पाहिजे, महिन्याच्या महिन्याला मिळाले पाहिजे. सत्कार करून मजुरी बुडविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. हलगी, सनई, डफ, तुणतुणे ही वाद्ये आपल्या समाजाने जातींना वाटून दिली होती. ज्यांनी वाजवले त्यांना ऐकणाऱ्यांनी दारात उभे केले. त्या घरातला शिकलेला मुलगा आज हलगीकडे पाठ फिरवतो, आणि का फिरवतो हे आम्हांला समजते. म्हणून वर्गात ‘तू तर तुमच्यातलाच, तूच वाजव’ असे कुणी म्हणाले, तर तो अभ्यासक्रम तिथेच बंद केलेला बरा. हलगी पाटलाच्या मुलाच्या हातात द्यावी, त्याला तिचा ताल सांभाळताना घाम फुटू द्यावा. आणि ज्याच्या घरी हलगी आहे त्याला वाटले तर पेटी, वाटले तर कुंचला द्यावा.

नृत्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडे नाच म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तमाशाचा फड येतो आणि मुलीचे नाव त्या विषयाला घालायला बाप कचरतो. त्याच बापाला मुलीने लग्नाच्या वरातीत नाचलेले चालते, मोबाईलवर पाहिलेले चालते. फक्त गुरूपुढे उभे राहून शिकलेले चालत नाही! तमाशाच्या विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतिपदके मिळाली. तरी तमाशाची लाज जायची ती गेलीच नाही. वर्गात मुलामुलींनी दोघांनीही शिकावे, केवळ मुलींवर तो विषय सोडू नये, एवढे केले तरी पुष्कळ.

शेवटी वेळापत्रक. परवा-परवा तोडणीच्या टोळ्या परत आल्या. आपल्यातले काही जण आज इथे बसलेले दिसतात. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी लागते, आईबापांबरोबर कॉलेजात नाव असलेली मुलेही कोयता घेऊन जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. म्हणजे दुसरे सत्र त्यांचे फडातच जाते. कलेचा विषय असा आहे की तो घरी वही वाचून भरून काढता येत नाही. तेव्हा आमची मागणी अशी की, हे साठ तास पहिल्याच सत्रात, जून-जुलैपासून दिवाळीच्या आत पुरे करावेत. आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवड्यांत ते बसतात. आणि ज्या मुलांना त्याही आधी जावे लागते त्यांच्यासाठी सकाळचे जादा तास ठेवावेत. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा या मागणीचे पत्र घेऊन आम्ही महाविद्यालयात जाणार आहोत. ज्या पालकांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी आपली नावे सभा संपल्यावर इथेच, टेबलाजवळ, लिहून द्यावीत.