हिशेबात न बसलेलं



दीक्षान्त समारंभाला पाहुण्याने उपदेश करावा अशी रीत आहे. मला तो जमत नाही. मी विज्ञानावर लिहिणारा माणूस. माझ्याकडे गोष्टी असतात. त्यातल्या तीन घेऊन आलोय. तिन्ही अलीकडच्या. त्यातल्या पहिल्या दोन अशा आहेत की तुमच्या पाठ्यपुस्तकातली काही वाक्यं खोडून नव्याने लिहावी लागतील. घाबरू नका, त्या वाक्यांचे मिळालेले गुण विद्यापीठ परत मागणार नाही.

पहिली गोष्ट छोटी. जिवाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, हे शाळकरी पोरही सांगेल. कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाची फ्रेंच बेटं आहेत. तिथल्या खारफुटीत, पाण्यात बुडून कुजणाऱ्या पानांवर, २००९ साली ओलिव्हिए ग्रो या जीवशास्त्रज्ञाला पांढरे धागे चिकटलेले दिसले. पापणीच्या केसाएवढे, सेंटिमीटरभर लांब. बुरशी असेल, असं आधी वाटलं. पण तपासणी सुरू झाली तेव्हा त्यात केंद्रक सापडेना, आणि बुरशी म्हटल्यावर जे जे असायला हवं त्यातलं काहीच सापडेना. अखेर जून २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला: एकेक धागा म्हणजे एकच पेशी, आणि ती पेशी जिवाणूची. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. नेहमीचा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा, हा पट्टीवर मोजता येतो. वर आणखी एक आगाऊपणा असा की जिवाणूंचा डीएनए पेशीत मोकळाच असतो हा नियम याला मान्य नाही. याचा डीएनए पटलाच्या छोट्या छोट्या पिशव्यांत नीट बांधून ठेवलेला आहे. पान उचलून पाहिल्यापासून निबंध छापून येईपर्यंत तेरा वर्षं गेली, हे मात्र लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना लगेच कळेल. हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजन आहे, पण झाडाला त्यातला कणही घेता येत नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला खतकारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो. युरियाच्या गोणीत आपण हीच उष्णता विकत घेतो. तेच काम काही जिवाणू शेतात निमूटपणे करतात. हरभऱ्याचं किंवा तुरीचं झाड उपटून पाहा, मुळांवर गाठी दिसतील. त्यांत हे जिवाणू बसलेले असतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं आपल्याकडे म्हणतात ते याच गाठींमुळे. पण गाठीतला जिवाणू तो जिवाणूच. तो पाहुणा असतो, झाडाचा अवयव नव्हे. केंद्रक असलेल्या कोणत्याही पेशीला स्वतःहून नायट्रोजन बांधता येत नाही, असं सगळी पुस्तकं सांगत आली.

१९९८ साली जोनाथन झेर या समुद्रशास्त्रज्ञाला पॅसिफिक महासागराच्या पाण्यात डीएनएचा एक लहानसा तुकडा मिळाला. नायट्रोजन बांधणाऱ्या कुठल्यातरी अज्ञात जिवाणूचा. जिवाणू मात्र हाती लागेना. वर्षं गेली, जनुकं वाचून झाली, आणि कोडं वाढलंच: या जिवाणूला प्रकाशसंश्लेषण करून स्वतःचं अन्न बनवता येत नव्हतं. मग तो जगतो कशावर? तो एका शैवालाच्या आधाराने राहतो, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं.

इथे जपानमधल्या कोची विद्यापीठातल्या क्योको हागिनो या गोष्टीत येतात. खरं तर त्या आधीपासूनच होत्या, फक्त कोणाचं लक्ष नव्हतं. त्या याच शैवालाचा अभ्यास करत होत्या आणि ते प्रयोगशाळेत जगवायच्या खटपटीत होत्या. बाटलीत घातलं की ते मरे. हागिनोबाई तीनशेहून अधिक वेळा समुद्राचं पाणी आणायला गेल्या, दहा वर्षांहून जास्त काळ. शेवटी ते शैवाल जगलं. ते जगलं म्हणूनच पुढचं सगळं बघता आलं. शैवाल दुभंगायच्या आधी आतला तो जिवाणू ठरलेल्या क्रमाने दुभंगतो. त्याची स्वतःची बरीच जनुकं हरवली आहेत, आणि लागणारी कित्येक प्रथिनं शैवाल बनवून, जणू पत्ता चिकटवून, त्याच्याकडे पाठवतं. थोडक्यात, तो आता पाहुणा राहिला नाही. एप्रिल २०२४ मध्ये झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पेशीचं अंगक म्हणून जाहीर केलं: नायट्रोप्लास्ट. तुमच्या-माझ्या पेशीतली तंतुकणिका आणि पानातलं हरितलवक हेही कधीकाळी असेच आत शिरलेले जिवाणू होते. मात्र त्या घटना अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या. ही दहाएक कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे तुलनेने ताजी.

बातमी आली तशा ‘आता खताशिवाय शेती’ असे मथळेही आले. मी ते बाजूला ठेवले. ज्वारी-गव्हाच्या पेशीत असं अंगक बसवायचं तर ते टिकवणारी सगळी यंत्रणाही बसवावी लागेल, आणि ती यंत्रणा उभारायला निसर्गाला किती काळ लागला ते आत्ताच ऐकलंत. प्रयत्न जरूर होतील. पण युरियाचं दुकान इतक्यात बंद होत नाही.

तिसरी गोष्ट आकाशातली, आणि अर्धी आपल्या जुन्नर तालुक्यातली.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी पीएचडी करत होती. तिच्या रेडिओ दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर कागद बाहेर पडे आणि त्यावरची रेघ ती डोळ्यांनी तपासे. एका दिवशी त्यात बोटाच्या पेराहूनही लहान असा एक ओरखडा दिसला. बाहेरच्या गाड्यांचा अडथळा म्हणून तो सोडून देता आला असता. तिने तो सोडला नाही. तो दर १.३४ सेकंदांनी येणारा ठोका निघाला: पहिला स्पंदक, म्हणजे सूर्याहून जड पण वीसेक किलोमीटर रुंदीचा, स्वतःभोवती गरगरणारा न्यूट्रॉन तारा. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. मला ते आजही पटत नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं दुसरं पारितोषिक मिळालं, तेव्हा ती सगळी रक्कम तिने संधी न मिळालेल्या समाजगटांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

१९८२ मध्ये सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणारा स्पंदक सापडला. शोधणाऱ्यांत एक विद्यार्थी होता श्रीनिवास कुलकर्णी, जन्म आपल्या कुरुंदवाडचा. असे वेगवान स्पंदक विलक्षण नियमित असतात. पुढच्या वर्षी त्यांचा ठोका कधी येणार ते आज सांगता येतं. तरी हिशेब आणि प्रत्यक्ष यांत थोडा फरक उरतोच, सेकंदाच्या दशलक्षांश भागाएवढा किंवा त्याहून कमी. तो उरलेला फरक म्हणजेच आपली गोष्ट.

समजा, तुम्ही एसटी स्टँडवर उभे आहात आणि चहूकडून येणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक तुम्हाला तोंडपाठ आहे. एक गाडी उशिरा आली तर पंक्चर झालं असेल. सगळ्याच गाड्या सारख्याच उशिरा आल्या तर तुमचं घड्याळ पुढे आहे. पण एका दिशेच्या आणि तिच्या बरोबर उलट दिशेच्या गाड्या लवकर येतात, काटकोनातल्या उशिरा येतात, आणि हे ठरावीक रीतीने वर्षानुवर्षं बदलतं, असं दिसलं तर? मग दोष गाडीचा नाही आणि घड्याळाचाही नाही. रस्ताच लांब-आखूड होतोय. गुरुत्वीय लहर नेमकं हेच करते, ती अवकाशच ताणते आणि आवळते. दोन स्पंदकांमधल्या कोनानुसार हा फरक कसा जुळायला हवा, ते हेलिंग्ज आणि डाउन्स या दोघांनी १९८३ मध्येच मांडून ठेवलं होतं.

२९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन आणि भारत इथल्या गटांनी एकदमच जाहीर केलं की तशी जुळणी दिसू लागली आहे. अमेरिकी गटाने ६७ स्पंदकांच्या पंधरा वर्षांच्या नोंदी घेतल्या होत्या. युरोपच्या नोंदी पंचवीस वर्षांच्या. या लहरींचं एक हेलकावणं पुरं व्हायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे घाई करून काही उपयोगच नव्हता.

युरोपच्या गटाबरोबर आपला गट होता, आणि त्याची दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरांत पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोऱ्यांवर ताणलेल्या तारांच्या जाळीच्या केल्या. हलक्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि वाऱ्याला वाट मिळाली. खोडदच्या दुर्बिणीचं महत्त्व असं की ती कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी ऐकते. ताऱ्यांमधल्या पोकळीतले विरळ इलेक्ट्रॉन या लहरींना जास्त उशीर करतात. तो उशीर खोडदला नेमका मोजता येतो, आणि मोजला की वजा करता येतो. म्हणजे जगाच्या हिशेबातली वजाबाकी काही अंशी जुन्नरच्या उसाच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांशेजारी झाली.

त्या दिवशी शास्त्रज्ञांनी ‘शोध लागला’ असं म्हटलं नाही, ‘पुरावा मिळाला’ असं म्हटलं. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता साधारण पस्तीस लाखांत एक इतकी खाली गेली की मगच शोध म्हणायचं, असा भौतिकशास्त्रात दंडक आहे, आणि ते तिथवर पोचले नव्हते. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना या लहरी उठत असाव्यात, असा बहुतेकांचा कयास आहे. विश्वाच्या बालपणातलंही काही असू शकेल.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, सर, म्हणजे हिशेबात न बसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं गाठोडं जपून ठेवायचं का? नाही. बहुतेक वेळा पांढरा धागा ही बुरशीच असते आणि कागदावरचा ओरखडा बाहेरच्या गाडीचाच असतो. ग्रो, हागिनो, बेल यांना आधीपासून काही ठाऊक होतं असं नाही. त्यांनी टाकून द्यायच्या आधी तपासलं, एवढंच. त्यासाठी पगार देणारं, प्रयोगशाळा चालू ठेवणारं आणि दर सहा महिन्यांनी ‘निष्पन्न काय?’ असं न विचारणारं कोणीतरी मागे असावं लागतं. व्यासपीठावर बसलेल्या मान्यवरांकडे पाहून मी हे वाक्य मुद्दाम सावकाश बोललो.

आणि एक कामाची गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. तीही गुरुत्वीय लहरींचीच वेधशाळा, पण वेगळ्या जातीच्या, झटपट येऊन जाणाऱ्या लहरींची. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ संपूर्ण निर्वात. तिथे भौतिकशास्त्रज्ञ लागतील, तसेच स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकवालेही लागतील. हवेचा रेणूही आत जाऊ नये इतका नेटका सांधा जोडणारे वेल्डर लागतील, आणि नळ्यांखालची जमीन किती हलते याची रोज वही ठेवणारी माणसंही. मराठवाड्यातली मुलं इथे बरीच बसली आहेत. जागा निघाल्या की अर्ज करा.