डॉक्टर गेले, विद्या गावात राहिली



भला डॉक्टर गेला की अंत्ययात्रेला जमलेल्या बायका म्हणतात, ‘आता आमचं कोण बघणार?’ डॉ. रजनीकांत आरोळे मे २०११मध्ये गेले, पण या प्रश्नाची तयारी त्यांनी हयातीतच केली होती.

वेल्लोर आणि अमेरिकेत शिकून ते आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली दुष्काळी जामखेडला आले. नुसत्या दवाखान्यानं आजार हटत नाही, हे त्यांनी ओळखलं. मग गावानं निवडलेल्या बायकांना शिकवलं. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, लेकरांची वजनं घेऊ लागल्या. आपल्या आशाताई तर २००५ नंतर आल्या!

मला सगळ्यात आवडते ती हातपंपाची गोष्ट. त्यांनी पंप दलित वस्तीत बसवले. पाणी हवंय? मग तिथं जा. भाषण नाही, काही नाही. (पंपावर कुणाची घागर पुढे, यावरून अजून कुजबुज चालते, म्हणून सांगितलं.)

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, तरी डॉक्टरांचं काम चालूच होतं.

गटात अंगठा उठवताना ‘मला काय कळतंय’ म्हणणाऱ्या मावशींनो, जुलाब झालेल्या लेकरासाठी एवढं पाठ करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. पुढच्या बैठकीत तुम्हीच करून दाखवायचं आहे.