राउटरचं पान उघडत नाही तेव्हा

सिरोंचात पावसाळ्यात कुठे केबल तुटली, की घराघरांत राउटरचा लाल दिवा लागतो. मग राउटरच्या सेटिंगचं पान पाहायला जावं, तर तेही उघडत नाही. खरं तर इंटरनेट बंद असलं तरी ते उघडायला हवं. कारण ते पान असतं तुमच्या राउटरमध्येच, बाहेर कुठे नाही.

अडतं कुठे? बहुतेक वेळा मोबाईल डेटापाशी. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसताच फोन गुपचूप सिमकार्डाकडे वळतो. म्हणून डेटा आधी बंद करा, वाय-फाय चालू ठेवा.

त्या पानाचा पत्ता बहुतेकदा राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. स्टिकर पुसलं असेल, तर फोनच्या वाय-फाय तपशिलात ‘गेटवे’समोर तोच पत्ता मिळतो, आयफोनात त्याला ‘राउटर’ म्हणतात. पत्ता गूगलच्या शोधपट्टीत नको, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, इंग्रजी अंकांत टाका. जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा आला, तर घाबरू नका. घरच्या राउटरचं पान तसं सांगतंच.

पानाचा पासवर्ड आठवत नाही म्हणून टाचणी घालून रीसेटचं बटण मात्र लगेच दाबू नका. त्याने इंटरनेट कंपनीने भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसले जाऊ शकतात. जिल्ह्याचं गाव इथून सुमारे २०० किलोमीटर. तिथून तंत्रज्ञ येईपर्यंत वाट पाहत बसाल. रीसेट करण्याआधी केबलवाल्याकडून ती माहिती वहीत उतरवून घ्या.